सातव्या रकान्यातला आकडा

(पडद्यावर काळं टर्मिनल. आयएफकॉन्फिगचं, म्हणजे नेटवर्कची माहिती दाखवणाऱ्या लिनक्स कमांडचं, जुनं आउटपुट.)

ही ओळ नीट बघा. आधी 'आयनेट', मग 'ॲडर', मग कोलन आणि त्याला चिकटून आयपी पत्ता. लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांना ही ओळ तोंडपाठ असायची. पत्ता हवा? तीन छोट्या कमांड जोडून स्क्रिप्ट लिहा: ग्रेपने ओळ धरा, कटने कोलनवर तोडा, ऑकने पहिला शब्द उचला. चालतेय ना स्क्रिप्ट, मग तिला हात कशाला लावायचा!

(शेजारी नवं आउटपुट.)

आयएफकॉन्फिग ज्या संचातून येतं त्या नेट-टूल्सच्या नव्या आवृत्तीत 'ॲडर' गेलं, कोलनही गेला. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 7 मधून 2014 साली आणि डेबियन 9 मधून 2017 साली हे नवं रूप सर्व्हरवर पोचलं. वाचायला सुटसुटीत, यात वाद नाही.

पण स्क्रिप्टमधल्या ग्रेपला आता काहीच सापडत नाही. कट आणि ऑक रिकाम्या हाताने काम उरकतात. वर स्क्रिप्ट चालवणारा बॅश सांगतो, सगळं ठीक. कारण वेगळं सांगितलं नसेल तर तो पाइपलाइनमधल्या, म्हणजे जोडलेल्या कमांडच्या साखळीतल्या, शेवटच्या कमांडचाच निकाल धरतो. रिकामा पत्ता कॉन्फिग फाइलमध्ये जाऊन बसतो, सर्व्हिस भलतीकडेच आडवी होते आणि ॲडमिन तिथेच खोदत बसतो.

(पडद्यावर मेमरीचा हिशेब दाखवणारी 'फ्री' कमांड, जुनी आणि नवी.)

निदान पत्त्याच्या बाबतीत काहीतरी अडलं तरी. 'फ्री'ची गंमत याहून वाईट. जुन्या आउटपुटमध्ये 'मेम'च्या ओळीतला सातवा शब्द म्हणजे कॅश मेमरी: डिस्कवरचा डेटा हाताशी ठेवायला वापरलेली, गरज पडली तर बरीचशी मोकळी करता येणारी. 2014 साली प्रॉकपीएस-एनजी 3.3.10 आलं ('फ्री' याच संचातली), बफर आणि कॅश एकाच रकान्यात गेले आणि सातव्या जागी आली 'अव्हेलेबल', म्हणजे वापरता येण्याजोगी मेमरी, जिच्यात मोकळी मेमरी आधीच धरलेली असते. स्क्रिप्टला आकडा मिळतोच. तो अजून कॅशचाच समजून ती मोकळ्या मेमरीत मिळवते, तीच मेमरी दोनदा मोजली जाते आणि मेमरी संपत आल्याचा अलर्ट वाजतच नाही.

टूल लिहिणाऱ्यांना बोल लावणं मला पटत नाही. ती मांडणी माणसाच्या डोळ्यांसाठी होती. 'फ्री' स्वतः आकडे घेतं ते लिनक्स आपली चालू माहिती जिथे मांडतं त्या प्रॉकमधल्या मेमइन्फो फाइलमधून, आणि तिथे प्रत्येक आकड्यापुढे त्याचं नाव असतं. नाव बघून तिथूनच आकडा उचलणाऱ्या स्क्रिप्ट्सना या बदलाचा पत्ताही लागला नाही.