कुठला सेक्टर १७?

(वाशी येथे तरुण प्रोग्रॅमरांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आज ऐरोलीहून इथे यायला रिक्षा केली आणि सवयीनं नुसतं "सेक्टर १७" म्हणालो. रिक्षावाल्यानं मागे वळून विचारलं, "कुठला? इथला की वाशीचा?" सिडकोनं हे शहर एकेक नोड, म्हणजे उपनगर, करत वसवलं आणि प्रत्येक नोडमध्ये सेक्टरांचे आकडे पुन्हा एकपासून सुरू केले. १७ नंबर वाशीत आहे, ऐरोलीत आहे, कोपरखैरण्यात आहे, खारघरमध्येही आहे. तरी माणूस हरवत नाही, कारण समोरचा उलट विचारतो. प्रोग्रॅमचे सुटे तुकडे नावांवरून जोडणारा लिंकर मात्र विचारत नाही.

एका भाषेतला कोड दुसरीतून वापरायचा, म्हणजे रस्टमधलं फंक्शन पायथनमधून बोलवायचं किंवा सी प्लस प्लसमधलं कोटलिनमधून, की दोघांच्या मध्ये बहुतेक वेळा सी ही जुनी भाषा उभी असते. आणि सीच्या गावात नोड नाहीत. बाहेर दिलेली सगळी नावं एकाच सपाट यादीत पडतात.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी आमची सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली एक लायब्ररी होती, तिला बाहेरून सीचा दरवाजा बसवला होता. सुरुवातीची जुळवाजुळव करणाऱ्या फंक्शनला मी नाव दिलं "इनिट". माझ्या मशीनवर सगळं सुरळीत. ग्राहकाकडे मात्र पहिल्याच हिशेबाला आकडे चुकले. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये आणखी एक लायब्ररी होती आणि तिच्यातही "इनिट" होतं. लिनक्सवर प्रोग्रॅम सुरू होताना लायब्रऱ्या जोडणारा डायनॅमिक लोडर नाव शोधतो तेव्हा लायब्रऱ्या ज्या क्रमानं लोड झाल्या, त्या क्रमानं पहिलं जे सापडेल ते उचलतो. आमच्या लायब्ररीनं स्वतःच्याच "इनिट"ला मारलेली हाकसुद्धा त्या परक्या फंक्शनकडे गेली. एरर नाही, वॉर्निंग नाही. दोन रात्री मी हिशेबाचं सूत्र तपासत बसलो होतो आणि सूत्रात काहीच चुकलेलं नव्हतं.

रस्टनं ही गोष्ट आता भाषेतच मान्य केली आहे. २०२४ च्या एडिशनपासून "नो मँगल" हे विशेषण, म्हणजे फंक्शनचं नाव जसंच्या तसं बाहेर द्या ही सूचना, "अनसेफ"मध्ये, म्हणजे धोक्याच्या खुणेत, गुंडाळूनच लिहावं लागतं. नुसतं नाव देणं हे धोक्याचं काम ठरू शकतं, असं भाषेनं सांगणं मला फार मोलाचं वाटतं.

यावरचा उपाय जुना आहे, तो म्हणजे प्रत्येक नावाच्या आधी घराण्याचं, म्हणजे लायब्ररीचं, नाव लावायचं. एसक्यूलाइट या डेटाबेस लायब्ररीनं हे किती विचारानं केलं पाहा. २००४ मध्ये तिसरी आवृत्ती आली तेव्हा त्यांनी प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीचं "एसक्यूलाइट" बदलून "एसक्यूलाइट३" केलं, म्हणजे जुनी आणि नवी आवृत्ती एकाच प्रोग्रॅममध्ये शेजारी शेजारी लिंक करता येतील. आवृत्तीचा आकडा नावातच गेला. दिसायला सुंदर नाही, पण वीस वर्षांहून जास्त काळ टिकलं आहे.

नावं आखडती घेण्याची सवय मात्र आपल्याला वारशानं मिळाली आहे. १९८९ च्या सी मानकात बाहेरच्या नावाची पहिली सहाच अक्षरं वेगळी ओळखली जातील, एवढीच हमी होती. तीही कॅपिटल आणि स्मॉल यांत फरक न धरता. जुने लिंकरच तसे होते. स्ट्रिंग कॉपी करणाऱ्या फंक्शनचं नाव सहा अक्षरांत कोंबलेलं दिसतं ते त्याच काळामुळे. १९९९ च्या मानकात ती मर्यादा ३१ झाली. आज तुम्हाला कंजूषपणा करायचं काही कारण नाही. आणि एकदा बाहेर गेलेलं नाव परत येत नाही. युनिक्समध्ये फाइल तयार करणाऱ्या "क्रिएट" कॉलच्या नावातलं शेवटचं "ई" गाळलेलं आहे. युनिक्स पुन्हा घडवायचं झालं तर काय बदलाल, असं विचारल्यावर युनिक्सचे एक निर्माते केन थॉम्पसन यांनी ते "ई" घालीन, असं उत्तर दिलं होतं. आजही लिनक्सवर ते नाव "ई"शिवायच आहे.

आता जरा खोलात जाऊ, कारण इथे सर्वांत जास्त नुकसान होतं. सी प्लस प्लसचा कंपायलर नावात टाइपही गुंफतो, त्याला मँगलिंग म्हणतात. लिनक्सवर दोन पूर्णांक घेणाऱ्या "ॲड" फंक्शनचं सिम्बॉल, म्हणजे लिंकरला दिसणारं नाव, असं बनतं: आधी अंडरस्कोर आणि झेड, मग नावाची लांबी ३, मग "ॲड", आणि शेवटी प्रत्येक पूर्णांकामागे एक "आय". ते वाचायला त्रासाचं असतं, म्हणून आपण "एक्स्टर्न सी" लिहून साधं नाव मिळवतो. पण त्या बदल्यात हातचं काय जातं? टाइप जातो. उद्या तुम्ही तो पूर्णांक ३२ बिटांचा ६४ केलात, तर मँगल केलेलं नाव बदललं असतं आणि लिंकरनं तिथेच अडवलं असतं. साधं नाव बदलत नाही. जुना प्रोग्रॅम बिनतक्रार जोडला जातो आणि चुकीचे बिट वाचतो. म्हणून सीमेवर "लाँग" लिहू नका, तो ६४ बिटांच्या लिनक्सवर ६४ बिटांचा आणि ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ चा असतो. रुंदी सांगणारं टाइपनाव वापरा. आणि अर्थ बदलला तर नाव बदला. युनिक्सवाल्यांनी उघड्या फाइलच्या क्रमांकाची दुसरी प्रत काढणारं "डप" तसंच ठेवून "डप२" आणलं, पुढे लिनक्सनं "डप३" आणलं. लोक या आकड्यांना नावं ठेवतात. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो, जुन्या माणसाला दिलेला शब्द मोडलेला नाही.

मेमरी कुणी सोडायची, हेही नावानंच सांगावं, कारण सीमेपलीकडचा, नको असलेली मेमरी आपोआप सोडणारा गार्बेज कलेक्टर तुमच्या पॉइंटरला ओळखत नाही. ॲपलच्या कोअर फाउंडेशन या सी लायब्ररीमध्ये नियम आहे: फंक्शनच्या नावात "क्रिएट" किंवा "कॉपी" असेल तर मिळालेली वस्तू सोडणं तुमच्याकडे, "गेट" असेल तर नाही. क्लँग या कंपायलरचं तपासणीचं साधन याच शब्दांवरून गळती शोधतं. एखाद्यानं क्रियापद निष्काळजीपणे निवडलं तर ते साधनही फसेल.

जावाच्या बाजूला तर नावच पत्ता असतं. नेटिव्ह, म्हणजे सीसारख्या भाषेत लिहिलेल्या, फंक्शनचं सिम्बॉल "जावा", मग पॅकेज, क्लास आणि मेथड, असं अंडरस्कोरनं जोडून बनतं. मूळ नावातच अंडरस्कोर असेल तर त्याचं "अंडरस्कोर १" होतं. कुणी पॅकेज हलवलं की कंपाइल होतं, ॲप उघडतं, आणि ती मेथड पहिल्यांदा बोलवली की कोसळतं. लायब्ररी लोड होताना स्वतःच फंक्शनांची नोंदणी केली तर चूक लोड होतानाच उघडी पडते. मी तरी तेच करतो.

मग पायथन लिहिणाऱ्या पोरीनं ही लांबलचक, घराणं लावलेली नावं रोज टाइप करायची का? मुळीच नाही. माझ्या आजीला दोन नावं होती. एक माहेरचं आणि दुसरं लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं लिहिलेलं. सासरी सगळे तिला त्या दुसऱ्याच नावानं ओळखायचे. तिच्या वडिलांच्या सातबाऱ्यावर मात्र माहेरचं नाव होतं. ती गेल्यावर या दोघी एकच, हे दाखवायला माझे वडील कितीतरी वर्षं कागद गोळा करत होते. दोन नावं असण्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, ती एकीचीच आहेत एवढं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

प्रत्येक भाषेत त्या घरचं नाव द्या आणि गाठ कोडमध्येच लिहून ठेवा. रस्टमधून पायथनसाठी पायओथ्री या लायब्ररीमध्ये, जावास्क्रिप्टसाठी वाझम बाइंडजेन या साधनात, आणि स्विफ्टसाठी ऑब्जेक्टिव्ह सीच्या हेडरमध्ये, म्हणजे नावं जाहीर करणाऱ्या फाइलमध्ये, तशी सोय आहे. २०१६ मध्ये स्विफ्ट ३ आली तेव्हा ॲपलची "स्ट्रिंग बाय ट्रिमिंग कॅरेक्टर्स इन सेट" असली नावं स्विफ्टमध्ये नुसती "ट्रिमिंग कॅरेक्टर्स" झाली. पण नीट पाहा, "ट्रिमिंग" गेलं नाही. पोशाख बदलला तरी मूळ शब्द तोच राहिला. रस्टमध्ये जे "अकाउंट" आहे ते पायथनमध्ये "लेजर" करू नका, नाहीतर मध्यरात्री लॉग शोधणाऱ्याला काही सापडणार नाही. दुसऱ्या भाषेच्या राखीव शब्दाशी टक्कर झाली तरच मूळ शब्दाला हात लावा. युनिक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या एक्सलिब या लायब्ररीच्या हेडरमध्ये एका स्ट्रक्चरच्या सदस्याचं नाव "क्लास" आहे, सी प्लस प्लसला ते चालत नाही, म्हणून तिथे त्याचं "सी क्लास" होतं. तेवढंच.

घरी गेल्यावर एक काम करा. "एनएम" नावाचा कमांड आहे, तो तुमच्या लायब्ररीनं बाहेर काय काय ठेवलंय ते दाखवतो. ग्राहकाकडच्या त्या प्रकारानंतर मी तो पहिल्यांदा चालवला. अकरा फंक्शनं बाहेर द्यायची होती आणि स्क्रीनवर चारशेच्या वर नावं सरकत गेली. आतली, खासगी, कधीकाळी प्रयोग म्हणून लिहिलेली. त्या दिवसापासून आमच्याकडे सगळी सिम्बॉल्स आधी झाकलेली असतात आणि द्यायची तेवढीच हातानं उघडली जातात. त्या यादीत दुसऱ्या एका फाइलमधलं, मी पार विसरलेलं एक नाव होतं: "रीसेट". तेही घराण्याशिवाय.