सेटचे प्रमाणपत्र आणि शिनोळीची हद्द

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतून एम. ए. झालेली मुले भेटली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘सर, सेट कुठली द्यावी, महाराष्ट्राची की कर्नाटकाची?’ सेट म्हणजे सहायक प्राध्यापक होण्यासाठीची राज्य पातळीवरची पात्रता परीक्षा. पुण्याच्या मुलाला हा प्रश्न सहसा पडत नाही. आपल्याला पडतो, आणि त्याचे उत्तर उशिरा कळले तर उमेदीची दोन-तीन वर्षे हातची जातात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे १ जून २००२ पासून झालेली सेट ही ज्या राज्यातून उत्तीर्ण व्हावी, त्याच राज्यातील विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत सहायक प्राध्यापकपदासाठी ग्राह्य धरली जाते. म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते ती सेट महाराष्ट्र आणि गोव्यात चालते, पण शिनोळीची हद्द ओलांडून बेळगावात आले की तिचा उपयोग नाही. आणि के-सेट, म्हणजे कर्नाटकाची सेट, घेऊन महाराष्ट्रातल्या चंदगडला गेले तरी हीच गत. नेट या देशपातळीवरच्या पात्रता परीक्षेला ही हद्द लागू नाही, म्हणून आधी नेट, असेच मी सांगतो. पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के, राखीव प्रवर्गांना ५० टक्के, ही अट दोन्हीकडे आहे. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच. डी. सक्तीची राहिलेली नाही. तिच्यासाठी खोळंबून नेट लांबणीवर टाकू नये. नेटचा पहिला पेपर इंग्रजी किंवा हिंदीतूनच सोडवावा लागतो, आणि विषयात हुशार असलेली आपली मुले तेथील उताऱ्यांवर अडखळतात.

आता कन्नडविषयी. कर्नाटकातील सरकारी नोकरीत तिची गरज आहे, हे उघड आहे. माझ्या उमेदवारीच्या काळात एका महाविद्यालयात मुलाखतीला गेलो असता विषयाचा एकही प्रश्न येण्यापूर्वी ‘कन्नड बर्तदेन्री?’, म्हणजे ‘कन्नड येते का?’, असे विचारले गेले. मी ‘स्वल्प स्वल्प’ म्हणालो, आणि मुलाखत तिथेच संपली. राग आला होता, तो खरा तर त्यांच्यावर कमी आणि स्वतःवर जास्त होता.

कारण संशोधनाला तरी ‘स्वल्प’ पुरत नाही. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर १२०४ मधले, रट्ट राजवटीतले. रट्टांचे शिलालेख जुन्या कन्नडात आणि पेशवाईचे दप्तर मोडीत. याच जिल्ह्याचा इतिहास लिहू पाहणारा, पण दोन्ही लिप्या न येणारा विद्यार्थी दगडाचा फोटो काढून परत येतो आणि वाचून देणारा शोधत बसतो.

माझ्या एका विद्यार्थिनीने कन्नड अक्षरे बसस्थानकावर शिकून घेतली. गाडी कुठे जाते हे वाहकाच्या ओरडण्यावरून कळायचेच. मग ती पाटीकडे पाही, गावाचे नाव ठाऊक असे, आणि त्यातले एकेक अक्षर ती वहीत उतरवून घेई. खानापूरच्या पाटीपासून तिने सुरुवात केली होती.