एका जूनपुरती स्पर्धा

न्यू जर्सीतलं नॉर्थफील्ड. खाडीकाठच्या दलदलीला, उंच गवताला लागून हे गोल्फचं मैदान पसरलंय. पाण्यापलीकडे अटलांटिक सिटीच्या इमारती दिसतात. हा अटलांटिक सिटी कंट्री क्लब, स्थापना 1897 ची. ‘बर्डी’ हा शब्द, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी घेऊन चेंडू होलमध्ये घालणं, आमच्याच मैदानावर जन्मला, असं इथली मंडळी अभिमानानं सांगतात.

जून 1980 मध्ये या हिरवळीवर पन्नाशी ओलांडलेले व्यावसायिक गोल्फपटू उतरले. स्पर्धेचं नाव होतं अटलांटिक सिटी सीनियर इंटरनॅशनल.

त्याआधी पन्नाशी आली की गोल्फपटूचं नाव बातम्यांतून हळूहळू पुसलं जायचं. पीजीए, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फपटूंची संघटना, तिची ज्येष्ठांसाठीची स्पर्धा 1937 पासून होती, पण एका स्पर्धेवर कुणाचं घर चालणार? हात अजून तयार होते, नजर शाबूत होती. खेळायला जागाच नव्हती.

चित्र पालटलं ते टेक्सासमधल्या ऑस्टिनला. दूरचित्रवाणी निर्माते फ्रेड राफेल यांनी 1978 मध्ये जुन्या दिग्गजांच्या जोड्यांची ‘लेजंड्स ऑफ गोल्फ’ ही स्पर्धा सुरू केली. दुसऱ्या वर्षी बरोबरी झाली आणि प्ले-ऑफ, म्हणजे बरोबरी फोडणारा जादा खेळ, सहा होल चालला. टॉमी बोल्ट यांनी बर्डी घेतली आणि समोरच्या जोडीतल्या रॉबर्टो दे व्हिसेन्झो यांच्याकडे बोट रोखलं. दे व्हिसेन्झो यांनीही आपला चेंडू होलमध्ये घातला आणि तेच बोट उलट बोल्ट यांच्याकडे रोखलं. म्हाताऱ्यांचा खेळ कोण बघणार, या प्रश्नाचं उत्तर टीव्हीसमोर बसलेल्या लोकांना घरबसल्या मिळालं.

जानेवारी 1980 मध्ये सॅम स्नीड, ज्युलियस बोरोस, बॉब गोल्बी, डॅन साइक्स, गार्डनर डिकिन्सन आणि डॉन जॅन्युअरी हे सहा नामवंत गोल्फपटू पीजीए टूरचे, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेचे, आयुक्त डीन बीमन यांच्यासोबत बसले. त्यातून पन्नाशीपुढच्यांची सीनियर टूर उभी राहिली. पहिल्या वर्षी टूरनं स्वतः भरवलेल्या स्पर्धा फक्त दोन, आणि त्यातली पहिली नॉर्थफील्डची. एकूण बक्षीस सव्वा लाख डॉलर, विजेत्याला 20 हजार.

जिंकले डॉन जॅन्युअरी. टेक्सासचा हा माणूस कधी घाईत दिसायचाच नाही. 1963 च्या फीनिक्स ओपनमध्ये त्यांचा चेंडू होलच्या काठावर येऊन अडकला, तेव्हा ते शेजारी सात मिनिटं उभे राहिले. चेंडू अजून हलतोय, असं त्यांचं म्हणणं. चेंडू काही पडला नाही. पुढे अशा वेळी दहाच सेकंद थांबण्याची मर्यादा नियमात आली. 1967 ची पीजीए चॅम्पियनशिप त्यांच्या नावावर होती, आणि नोव्हेंबर 1979 मध्ये त्यांनी पन्नाशी गाठली होती. नवी टूर त्यांच्यासाठी अगदी वेळेवर आली.

दुसरी स्पर्धा फ्लोरिडातल्या सनट्री इथली, ती कृष्णवर्णीय गोल्फपटू चार्ली सिफर्ड यांनी जिंकली. पीजीएच्या नियमात 1961 पर्यंत ‘फक्त गोऱ्यांसाठी’ असं कलम होतं. त्या कलमानं सिफर्ड यांची उमेदीची वर्षं खाल्ली. त्यांचा हा विजय मला या सगळ्या कहाणीत सर्वांत मोठा वाटतो.

1981 मध्ये स्पर्धा वाढल्या, प्रायोजक आले. अटलांटिक सिटीचं नाव मात्र त्या यादीत नव्हतं.

डॉन जॅन्युअरी या टूरवर एकूण 22 वेळा जिंकले. 2023 मध्ये, वयाच्या 93 व्या वर्षी ते गेले. त्या 22 मधला पहिला विजय या खाडीकाठचा.