१६० एकर: अमेरिकेच्या पश्चिमेची वाटणी

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याचा नकाशा जवळून पाहा. रस्ते, कुंपणं, गावांच्या हद्दी, सगळं काटकोनात. ओढा आडवा आला तरी रेघ वळलेली नाही. इथे पॉनी, ओमाहा, लकोटा या मूलनिवासी जमातींच्या पिढ्या गेल्या होत्या, पण मोजणीदारांनी ६६ फुटी साखळी टाकून सगळा मुलूख चौकोनांत कापला. सहा मैल लांब, सहा मैल रुंद ती एक टाउनशिप. तिचे ३६ सेक्शन, प्रत्येकी ६४० एकर. त्याचा चौथा हिस्सा १६० एकर. पुढची कित्येक दशकं जमिनीचं सगळं राजकारण या आकड्याला धरून चाललं.

२० मे १८६२ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर, म्हणजे वसून कसणाऱ्याला १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन देणाऱ्या कायद्यावर, सही केली. अर्जदार २१ वर्षांचा किंवा कुटुंबप्रमुख हवा, नागरिक हवा किंवा नागरिक होण्याचा इरादा त्याने नोंदवलेला हवा. अविवाहित स्त्रिया आणि विधवाही अर्ज करू शकत. भूमी कार्यालयात तुकडा निवडायचा, १२ डॉलर भरायचे, पाच वर्षं तिथे राहून जमीन कसायची. मग दोन साक्षीदार घेऊन जायचं, आणखी ६ डॉलर भरायचे आणि सनद घ्यायची. थांबायचं नसेल त्याला सहा महिन्यांनंतर एकरी सव्वा डॉलर, म्हणजे २०० डॉलर भरून मालकी मिळे. गैरव्यवहार शिरला तो इथूनच. गुरांचे मोठे मालक आपल्या नोकरांच्या नावे अर्ज टाकत. साक्षीदार शपथेवर सांगत की बारा बाय चौदाचं घर उभं आहे. ते फूट की इंच, याची चौकशी होत नसे.

प्रामाणिक माणसापुढे पहिली अडचण लाकडाची. माळावर झाडच नाही. मग घर मातीचं, तेही गवताच्या मुळांसकट. खास नांगराने फूटभर रुंद आणि चारेक इंच जाड पट्टा कापायचा, कुदळीने त्याचे दोन-तीन फुटी तुकडे करायचे. दिवसभरात लागेल तेवढाच पट्टा काढायचा, कारण वाळला की तो भुगा होतो. तुकडे गवताची बाजू खाली करून रचायचे, सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत, आणि काही थरांनंतर एक थर आडवा घालायचा. भिंत दोन-तीन फूट जाड होते. खिडकीच्या चौकटीवर फट ठेवून तिच्यात चिंध्या कोंबायच्या, कारण भिंत खाली बसते आणि फट नसेल तर काच तडकते. असं घर उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. छप्पर मात्र आपल्याकडच्या धाब्यासारखंच मातीचं. पाऊस थांबल्यावरही ते कित्येक तास ठिबकत राही, आणि त्यातून साप, उंदीर घरात उतरत.

पण खरा घोटाळा पावसाचा होता. शंभराव्या रेखांशाच्या पश्चिमेला वर्षाला साधारण २० इंचांहून कमी पाऊस पडतो. आयोवात १६० एकरांवर कुटुंब सुखाने जगे. पश्चिम कॅन्ससमध्ये तेवढ्यात गुरंसुद्धा पोसली जात नसत, आणि कोरडवाहू पिकाचा तर भरवसाच नाही. भूवैज्ञानिक जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८च्या अहवालात हे स्वच्छ मांडलं: पाटाचं पाणी असेल तिथे ८० एकर पुरेत, चराऊ जमीन मात्र २,५६० एकर द्या, आणि हद्दी पाणी पाहून आखा. इतकं शहाणपणाचं बोलणं काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, बाजूला ठेवलं. नांगर फिरला की मागून पाऊस येतो, असा प्रचार तेव्हा जोरात होता. सरकारकडून एकाआड एक सेक्शन मिळालेल्या रेल्वे कंपन्यांनाही गिऱ्हाईक हवंच होतं. काही वर्षं पाऊस बरा झाला, माणसं लोटली. मग १८८०च्या दशकाच्या अखेरीपासून दुष्काळ पडत गेले. पवनचक्की, काटेरी तार, अवजारं यांसाठी सनद गहाण पडलेली, गव्हाचे भाव खाली, मालवाहतुकीचे दर रेल्वेच्या हातात. त्या संतापातून उभ्या राहिलेल्या पॉप्युलिस्ट या शेतकऱ्यांच्या पक्षाच्या जेम्स वीव्हर यांना १८९२च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत दहा लाखांहून जास्त मतं पडली.

आणि हाच आकडा मूलनिवासींवरही लादला गेला. १८८७च्या डॉज कायद्याने जमातींची सामाईक जमीन फोडली: कुटुंबप्रमुखाला १६० एकर, एकट्या प्रौढाला ८०, अल्पवयीन मुलाला ४०. मालकी २५ वर्षं सरकारच्या विश्वस्तपणाखाली. वाटून उरलेली जमीन ‘जादा’ ठरवून गोऱ्या वसाहतवाल्यांना खुली केली. हा उघड अन्याय होता, आणि तो सुधारणेच्या नावाने झाला. १८८७ साली जमातींकडे सुमारे १३.८ कोटी एकर जमीन होती, १९३४ साली हे वाटप थांबलं तेव्हा सुमारे ४.८ कोटी. त्या वाटपातल्या कित्येक तुकड्यांना वारसाहक्काने आज शेकडो सहहिस्सेदार आहेत, आणि तुकडा नुसता भाड्याने द्यायचा म्हटला तरी त्यांच्या संमत्या गोळा कराव्या लागतात.