एका इंचाच्या पॅकिंगची किंमत

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीलगतच्या या गॅरेजात, उंची वाढवलेल्या एका पिकअपचे पुढचे चाक उतरवण्यात आले आहे. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे गोलाकार उडालेले दिसतात. त्यांचा माग काढला, तर अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या जॉइंटवरील रबरी बूट, म्हणजे आतले ग्रीस धरून ठेवणारे आवरण, घडीवर चिरलेले आढळते.

इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स यांसारख्या पिकअपला मागे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, असतात. पुढे मात्र प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या आर्मवर, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यांवर, स्वतंत्रपणे हलते. स्प्रिंग व शॉकअ‍ॅब्सॉर्बर यांचे एकत्रित युनिट खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर टेकलेले असते. त्यामुळे त्याच्या माथ्यावर एक इंचाचे पॅकिंग, म्हणजे जाड चकती, बसवले, की गाडी जवळपास दोन इंच उचलली जाते. काम स्वस्तात होते, म्हणून ते सर्रास केले जाते. परंतु स्प्रिंग तीच राहते, शॉकही तोच राहतो. बदलतात ते कोन. चाक खड्ड्यात पूर्ण लोंबले, की अ‍ॅक्सलचा जॉइंट आणि वरचा बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा, सर्व बाजूंना वळणारा गोलाकार सांधा) मर्यादेपलीकडे वाकतात, आणि काही गाड्यांत वरचा आर्म थेट स्प्रिंगला घासतो. शिवाय कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. पेठ रस्त्यावरच्या सावळ घाटात वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येईनासे होते, ते यामुळेच.

येथे पॅकिंग काढून टाकून, वाढीव उंचीसाठीच घडवलेले पूर्ण युनिट आणि नवे वरचे आर्म बसवले जात आहेत. या आर्मचा बॉल जॉइंट किंचित मागे घेतलेला असतो, त्यामुळे गेलेला कॅस्टर परत मिळवता येतो. स्प्रिंगच्या निवडीत मात्र अनेकांची गफलत होते. दिंडोरी-निफाडकडची द्राक्षांची क्रेट हौद्यात भरली जातात आणि त्यांचा बहुतेक भार मागचे पाटे झेलतात. पुढची स्प्रिंग इंजिन, लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारे यंत्र) असल्यास तिचे वजन पाहूनच ठरवावी लागते. ‘जास्त कडक म्हणजे जास्त मजबूत’ हा समज कंबरेला महागात पडतो.

आर्मच्या बुशचे, म्हणजे सांध्यातल्या रबरी नळीचे, बोल्ट मिस्त्री आत्ता मुद्दाम सैल ठेवत आहेत. चाके लोंबत असताना ते आवळले, तर गाडी जमिनीवर येताच बुशमधील रबर पिळलेल्या अवस्थेतच अडकून राहते आणि लवकर फाटते. म्हणून गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहिल्यावरच टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, बोल्ट शेवटचे आवळले जातात. दाबलेली स्प्रिंग सोडणे हे यातले सर्वांत धोक्याचे काम असून, स्प्रिंग दाबून धरणारा योग्य कॉम्प्रेसर नसेल तर त्या वाटेला जाऊच नये.

कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरबदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. म्हणून सुटे भाग घेण्याआधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करणे शहाणपणाचे ठरते.

शेवटी गाडी अलाइनमेंटच्या रॅम्पवर चढते. टो (चाकांचे पुढून आत-बाहेर वळणे), कॅम्बर (चाकाचे वरून आत-बाहेर कलणे) आणि कॅस्टर जुळवल्यानंतर हेडलाइटचा झोतही खाली घेतला जातो, कारण नाक वर झालेल्या गाडीचा प्रकाश समोरच्या चालकाच्या थेट डोळ्यांत जातो. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून ब्रेकचा होज कुठे ताणला जात नाही ना, हे मिस्त्री हाताने चाचपून पाहतात आणि काहीशे किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासून घेण्यास मालकाला बजावतात.