धुळवडीचं मटण आणि रेड वाइन

(दृश्य: चूल. पातेल्यात उकळणारा रस्सा, वर लालभडक तर्री.)

धुळवडीची दुपार. रंग खेळून झालेत, मटण शिजतंय, परातीत ज्वारीच्या भाकरी थापल्या जातायत. यंदा ताटाशेजारी रेड वाइन ठेवायची असेल, तर बाटली निवडण्याआधी पातेल्यात डोकावा. मटणासोबत रेड वाइन हा युरोपातला रिवाज भाजलेल्या, मीठ-मिरी लावलेल्या मांसावर बेतलेला आहे. मराठवाड्यात वाइनची गाठ पडते ती तर्रीशी.

रेड वाइन प्यायल्यावर तोंड कोरडं पडतं ते टॅनिनमुळं. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून ते वाइनमध्ये उतरतं. मटणातली प्रथिनं आणि चरबी त्याचा तुरटपणा मऊ करतात. तिखट मात्र तो वाढवतं आणि वाइनमधलं अल्कोहोल जिभेची आग आणखी भडकवतं. म्हणून ओकच्या पिंपात मुरलेली महागडी कॅबरने (याच नावाच्या द्राक्षांची, भरपूर टॅनिन असलेली रेड वाइन) झणझणीत रश्श्यापुढं कडू लागते. तिची जागा सुक्क्या मटणाशेजारी, भाजलेल्या चापांशेजारी.

(दृश्य: तव्यावर भाजलं जाणारं खोबरं, बाजूला दगडफूल, लवंगा, मिरी.)

रश्श्यासाठी नाशिककडची साधी, तरुण, म्हणजे फार न मुरवलेली शिराझ घ्या. हीसुद्धा द्राक्षाच्या जातीवरून नाव पडलेली रेड वाइन. लेबलवर अल्कोहोल १३ टक्क्यांच्या आसपास हवं, 'रिझर्व्ह', म्हणजे जास्त मुरवलेली, नको. शिराझमध्ये रोटुंडोन नावाचं एक सुगंधी द्रव्य असतं, काळ्या मिरीचा वास येतो तो त्याच्यामुळंच. काळ्या मसाल्याशी शिराझचं जमतं ते इथं. खोबरं करपू न देता गडद तपकिरी होईपर्यंत भाजलं, की त्याच्या खरपूस वासाला ही वाइन छान धरून राहते. वांग्याच्या भरताशीही तिचं जुळतं, फक्त हिरवी मिरची बेतानं.

रश्श्यालाही थोडं वळवावं लागतं. एक किलो मटणाला ४ चमचे तिखट पडत असेल, तर २ घाला आणि रंगासाठी ब्याडगी वापरा. काळा मसाला कमी करू नका, चव त्याचीच आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणजे खरी आग तर्रीत असते. रस्सा उतरवल्यावर १० मिनिटं ढवळू नका, मग वरची तर्री पळीनं वाटीत काढा. ज्यांना हवी ते वरून घेतील. वाइन घेणाऱ्यानं ताटात लिंबू पिळू नये, आंबटापुढं ती पाणचट लागते.

(दृश्य: बादली, बर्फ, बाटली.)

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो तापमानाचा. रेड वाइन 'रूम टेंपरेचरला' प्यावी म्हणतात, पण ती खोली थंड देशातली, १६ ते १८ अंशांची. मार्चमध्ये परभणीतल्या घरात ठेवलेली बाटली त्याहून कितीतरी गरम असते. गरम वाइनमधून अल्कोहोलचा वास नाकात चढतो, फळाचा वास दबतो. बाटली तासभर फ्रीजमध्ये ठेवा, किंवा बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून १५ मिनिटं बुडवा. एकदम गारठवूही नका, थंडपणानं तुरटपणा वर येतो.

उन्हाळा विकत घेतानाही आड येतो. काचेजवळ उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नका. बूच वर सरकलंय, गळ्याशी चिकट ओघळ आहे, तर ती तापलेली आहे. तिला उकडलेल्या मनुकांसारखा वास येतो. लेबलवरचं साल गेल्या दोन-तीन वर्षांतलं पाहा.

(दृश्य: छत्रपती संभाजीनगर, तंदूरमधून निघणारे पिवळे नान.)

नान खलिया, म्हणजे मटणाचा दाट रस्सा आणि नान, मुहम्मद बिन तुघलकाच्या फौजेबरोबर इथं आला असं सांगतात. १३२७ साली त्यानं राजधानी दौलताबादला हलवली होती. दाट, तेलकट खलियाला सॅन्जोव्हेजे या मूळ इटलीतल्या द्राक्षांची रेड वाइन चालते. अकलूजकडं ही द्राक्षं पिकतात. तिच्यातला आंबटपणा तोंडातला चिकटपणा धुऊन काढतो.

पुरणपोळीसोबत मात्र ड्राय, म्हणजे गोडवा नसलेली रेड नकोच. गोडापुढं ती आंबट, कडवट होते. वेळ अमावास्येच्या भज्जी-आंबिलीशीही तिचं जमत नाही.

७५० मिलिलिटरच्या बाटलीत १२५ मिलिलिटरचे सहा पेले होतात. पेला एक तृतीयांशच भरा, वास फिरायला जागा राहते. उरलेली वाइन झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा आणि तीन दिवसांत संपवा.