फाटलेल्या मांड्यातला उजेड

नमस्कार श्रोतेहो.

रेडिओवर फोटो दाखवता येत नाही, म्हणून आधी एक फोटो तुम्हाला सांगते. जमलं तर डोळे मिटून ऐका.

बेळगावच्या शहापुरातलं जुनं कौलारू घर. मागची पडवी, पडवीत चूल, चुलीवर पालथं घातलेलं मोठं मडकं, बूड काळंकुळकुळीत. बाहेर श्रावणातली झड. कौलांत बसवलेल्या एकुलत्या एक काचेतून उजेड खाली उतरतोय. चुलीशी एक मावशी बसलीये आणि तिच्या दोन्ही हातांवर, बोटांपासून कोपरापर्यंत, मांडा झुलतोय. इतका पातळ, की त्याच्या आडून बांगड्यांचा हिरवा रंग दिसतो. मधोमध मांडा बोटभर फाटलाय, आणि त्या फटीतून उजेडाची एक तिरीप तिच्या मनगटावर पडलीये.

बेळगावच्या माणसाला मांडा काय सांगायचा! तरी लांबून ऐकणाऱ्यांसाठी सांगते. तिंबून तिंबून मऊ केलेलं पीठ, आत पिठीसाखर आणि खसखस, हातावर ताणत ताणत धोतराच्या पानासारखा केलेला आणि पालथ्या मडक्यावर घडीभर टाकलेला. गरम आहे तोवरच घडी घालायची. गार झाला की कडक होतो, मग घडी होत नाही, तुकडे होतात. लग्नघरात मांडे कोण करणार याची चौकशी आपल्याकडे आजही होते, आणि हे काम करणारे हात आता कमी राहिलेत, म्हणूनच मी त्या पडवीत गेले होते.

तो फोटो मी त्याच रात्री इन्स्टाग्रामवर टाकला. सकाळपर्यंत लाइकचा पाऊस. पुण्यातून, बंगळूरहून, आखातातून लोकांनी लिहिलं. बहुतेकांना ती तिरीप आवडली होती. बेळगाव सोडून कित्येक वर्षं झालेल्या एका बाईंनी लिहिलं, की फोटो बघून त्यांना आजीच्या घरातल्या ओल्या लाकडाच्या धुराचा वास आला. अशा एखाद्या ओळीसाठी मी नेटवर फोटो टाकत आलेय आणि पुढंही टाकणार आहे. या मातीतली किती माणसं लांब जाऊन राहिलीत, आणि त्यांच्यापर्यंत इतक्या लवकर पोचायला दुसरी वाट नाही.

मग दिवाळीनंतर आम्ही तिघांनी मिळून एक छोटं प्रदर्शन मांडलं. तो फोटो मी दारासमोरच्या भिंतीवर, सगळ्यांत मोठा करून लावला. मावशीला निरोप धाडला. ती दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन आली, ठेवणीतलं लुगडं नेसून. फोटोसमोर उभी राहिली. बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "ह्यो फाटलाय की गं."

मी म्हटलं, "मावशी, त्यातूनच तर उजेड आलाय."

"ते खरं. खरं या हातांनी हजारांनी मांडे केले असतील की. त्यातला फाटला तेवढाच भिंतीला लावलास काय?"

आणि त्यानंतर जे झालं ते मी विसरणार नाही. ती तिथंच उभी राहिली. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला, ओळख ना पाळख, ती सांगू लागली, की त्या दिवशी पीठ नीट मुरलं नव्हतं, पावसानं लाकडं ओली होती, एरवी माझा मांडा असा फाटत नाही. अर्धा तास ती सांगत होती. मी शेजारी उभी होते आणि मला काही सुचत नव्हतं.

नेटवर शेकडो जणांनी तो फोटो पाहिला होता. मांडा बिघडलाय हे त्यांतल्या एकानंही म्हटलं नाही, कारण मांडा करणारं त्यांच्यात कुणी नव्हतं. मीही मांडा पाहिला नव्हता, उजेड पाहिला होता. आपल्या गावातल्या भिंतीवर फोटो लावला, की त्या कामातलं कळणारी माणसं समोर येऊन उभी राहतात. खानापूरकडच्या रोपलावणीचा एक फोटो होता माझा, चिखलात ओळीनं वाकलेल्या बायका. एका शेतकरी मामांनी त्यातली माणसं बघितलीच नाहीत, बांधाकडे बोट दाखवून म्हणाले, "पाणी बाहेर जायलंय बघा. बांध फुटलाय." मी तो फोटो वर्षभर मिरवत होते.

तेव्हापासून एक शिस्त लावून घेतली आहे. फोटो आधी ज्याचा त्याला दाखवायचा, तोही कागदावर छापून, हातात देऊन. मोबाईलवर दाखवला तर माणूस "छान आलाय" म्हणतो आणि मोबाईल परत देतो. कागद हातात आला की तो उजेडाकडे धरतो, लांब धरतो, जवळ आणतो, घरातल्यांना हाक मारतो. मग खरं काय ते बोलतो.

आता छपाईबद्दल थोडं. तुमच्यापैकी कितीतरी जण मोबाईलवर सुंदर फोटो काढता, ते भिंतीवर यावेत अशी माझी फार इच्छा आहे. फोटो छापायला देताना इन्स्टाग्रामवरून उतरवून देऊ नका. तिथं फोटो बारीक करून ठेवला जातो, रुंदीला साधारण १०८० ठिपके, म्हणजे पिक्सेल. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे तो फोटो साडेतीन इंचांपलीकडे नीट छापला जात नाही. १२ बाय १८ इंचाचा फोटो हवा असेल तर त्याच हिशोबानं ३६०० बाय ५४०० ठिपके लागतात, १९ मेगापिक्सेलच्या वर. एवढे नसले तरी घाबरू नका. भिंतीवरचा फोटो माणूस दोन-तीन हात लांबून बघतो, तिथं इंचाला २०० ठिपक्यांवर भागतं, आणि तेवढे साध्या मोबाईलच्या मूळ फोटोतही असतात. मूळ, हे महत्त्वाचं. व्हॉट्सअ‍ॅपवरून स्टुडिओत पाठवणार असाल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो बारीक केला जात नाही.

दुसरं, पडद्यावरचा फोटो आतून उजळलेला असतो, कागदाला स्वतःचा उजेड नसतो. त्यामुळे मोबाईलवर झकास दिसणारा फोटो छापल्यावर काळवंडतो. पडवीतला, स्वयंपाकघरातला, देवळाच्या गाभाऱ्यातला फोटो असेल तर छापण्याआधी थोडा उजळून घ्या आणि एक लहान कागद छापून दिवसाच्या उजेडात बघा. चकचकीत कागद आणि त्यावर काच, असं शक्यतो करू नका. ट्यूबलाइटची रेघ नेमकी चेहऱ्यावर येते. मॅट कागद घ्या.

आणि आपल्याकडचा पाऊस! पहिलं प्रदर्शन आम्ही हौसेनं गणपतीच्या दिवसांत भरवलं. फोटो नुसत्या टेपनं भिंतीला चिकटवलेले. रात्रभर पाऊस झाला, सकाळी हॉल उघडला तर निम्मे फोटो जमिनीवर आणि उरलेल्यांच्या कडा पापडासारख्या वळलेल्या. आता सनबोर्डवर, म्हणजे हलक्या कडक फळीवर, चिकटवून घेतो आणि दोरीला टांगतो. टांगतानाही उंची बघतो. मोठ्या शहरांतल्या दालनांत चित्राचा मध्य पावणेपाच-पाच फुटांवर ठेवतात. गावच्या सभामंडपात कितीतरी बायकांची आणि पोरांची नजर त्याच्या खालीच असते. आम्ही हातभर खाली टांगतो. फोटो बघायला मान वर करावी लागली की माणूस लवकर पुढं सरकतो.

फोटोखालच्या ओळी दोन्ही भाषांत असाव्यात, मराठीत आणि कन्नडमध्ये, असा माझा आग्रह आहे. निपाणी असो, चिकोडी असो, खानापूर असो, आपल्या प्रदर्शनाला येणाऱ्या घरात एक जण मराठी वाचतो आणि दुसरा कन्नड. आमच्या शेजारचे निवृत्त मास्तर कन्नड ओळी लिहून देतात. मांड्याला ते मंडिगे लिहितात, आणि लिहिता लिहिता त्यांच्या आईच्या हातच्या मंडिगेची गोष्ट सांगतात. गावांच्या नावांचाही प्रश्न येतो. कागदोपत्री २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून बेळगावी आहे, घरात आपण बेळगाव म्हणतो. मी फोटोतल्या माणसाला विचारते, तो आपल्या गावाचं नाव जसं सांगतो तसंच लिहिते.

काही जण म्हणतात, फोटोच आहे तर, मोबाईलवर बघू की, त्याला हॉल कशाला. हे ऐकलं की मला वाईट वाटतं. हे चित्रं बघणारं गाव आहे. के. बी. कुलकर्णींसारखा चित्रकार इथं राहिला, इथं शिकवत राहिला. नामवंत चित्रकार रवी परांजपे त्यांच्याकडं चित्रकला शिकले. शिवजयंतीच्या मिरवणुकीतले चित्ररथ बघायला रात्रभर जागणारी माणसं आपण. समोर उभं राहून बघण्याची सवय आपल्या रक्तात आहे. ती फोटोलाही मिळावी.

नेटच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी जपा. मोबाईल फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांशही साठवून ठेवतो, आणि आपण हौसेनं ठिकाणाचं नाव जोडतो. किल्ल्यातल्या कमल बस्तीचा, म्हणजे जुन्या जैन मंदिराचा, किंवा गोकाकच्या धबधब्याचा फोटो असेल तर खुशाल जोडा. खानापूरच्या जंगलातल्या फोटोला जोडू नका. भीमगड २०११ साली अभयारण्य झालं. तिथल्या बारापेडे गुहांत रॉटनचं वटवाघूळ राहतं, जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारं. गुहेत माणसांची वर्दळ आणि विजेऱ्यांचे झोत वाढले, की वटवाघळं बिथरतात, जागा सोडतात. पक्ष्यांच्या घरट्यांचंही तसंच. एका झाडाचा ठावठिकाणा नेटवर गेला, की पुढच्या रविवारी त्या झाडाखाली कॅमेऱ्यांची रांग. मी अशा फोटोखाली फक्त तालुका लिहिते. कुणी विचारलं तरी सांगत नाही, मग ओळखीचं असो.

दुसरी गोष्ट माणसांची. माझा एक फोटो, बाजारात भाजी विकणाऱ्या आजीचा, मला न विचारता कुणीतरी एका फ्लेक्सवर छापला. चेहरा ओढून ताणून मोठा केलेला, ठिपके ठिपके झालेला, आणि त्यावर भलतीच जाहिरात. कायदा माझ्या बाजूचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून फोटोचा हक्क फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. मी भांडले आणि फ्लेक्स उतरवला गेला. खरं आजीला चार दिवस बाजारात लोकांनी चिडवलं, ते कुठल्या कायद्यानं भरून निघणार? फोटो नेटवर मीच टाकला होता. तेव्हापासून मी प्रत्येकाला दोनदा विचारते. भिंतीवर लावू का, हे एकदा. नेटवर टाकू का, हे वेगळं. पुष्कळ जण पहिल्याला हो म्हणतात आणि दुसऱ्याला नाही. त्यांचं बरोबर आहे. भिंतीपुढं कोण येणार हे त्यांना ठाऊक असतं.

मांड्याच्या मावशीकडं मी परत गेले, एकदा नाही, चारदा. एक फोटो मिळाला तो अखंड मांड्याचा, मडक्यावर चंद्रासारखा पसरलेला. वाटलं, हाच तिला आवडेल. तिनं तो बाजूला ठेवला. तिनं निवडला तो मी चुकून काढलेला होता. काम संपलंय, चूल विझत आलीये, ती भिंतीला टेकून बसलीये आणि दोन्ही हात मांडीवर उताणे. कोपरापर्यंत पीठ वाळून भेगाळलेलं. शेजारी परातीत घड्या घातलेल्या मांड्यांची चळत, जवळजवळ तिच्या खांद्याएवढी.

तो फोटो आता तिच्या स्वयंपाकघरात आहे, पिठाच्या डब्याच्या वर, धूर लागू नये म्हणून प्लॅस्टिकच्या कागदात. पुढच्या प्रदर्शनात फाटलेल्या मांड्याच्या जागी तोच लावला. तिनं हो म्हटलं होतं. नेटवर टाकू का विचारलं, तर नको म्हणाली. म्हणून तो तुम्हाला कुठं शोधून सापडणार नाही.

आज इकडं यायच्या आधी तिच्याकडं जाऊन आले. विचारलं, "मावशी, रेडिओवर तुझा फोटो सांगू काय?"

परातीतलं पीठ तिंबता तिंबता ती म्हणाली, "सांग की. सांगायला काय झालंय? आणि त्यो डाव्या हाताचा डाग भाजल्याचा हाय म्हणून सांग, मळ न्हवं."

नमस्कार.